बाकाला विरोध

बाबा गेल्याला महिना होत आला, तोवर गावाने परस्पर ठरवून टाकलं की त्यांच्या मुलीचं काम फत्ते झालं.

काम तसं लहानसं होतं. नगरपालिकेच्या बागेतली जुनी लाकडी बाकं काढून नवी बसवायची होती. ज्यांना आपल्या गेलेल्या माणसाच्या नावाची पाटी बाकावर हवी असेल त्यांनी बाग समितीकडे अर्ज करावा, अशी सूचना फाटकावर लागली होती. मुलीने चार ओळींचा अर्ज केला. ती छापखान्यात मुद्रितं तपासायची, त्यामुळे अर्जात एक चूक नव्हती आणि एक विशेषणही नव्हतं. नळापासून तिसरं बाक, एवढंच तिने मागितलं होतं. मंगळवार सोडून बाबा रोज सहाला दुकान बंद करून तिथे बसत आणि सातला घरी येत.

ते बाक कशाला हवं, हे तिने लिहिलं नव्हतं. लिहिताना लाज वाटली असती. घरात बाबांच्या वस्तू होत्या, पण त्यांच्यावर आत्याचं राज्य होतं. छापखान्यात दिवसभर दुसऱ्यांची वाक्यं. बाबांच्या नावापाशी तासभर गप्प बसता येईल अशी एक जागा तिला पाहिजे होती.

आत्या मात्र निर्धास्त होती. "समितीत पाच जण. त्यातले दोघं तुझ्या बापाच्या कंपूतले," ती म्हणाली. "मतं खिशात समज. चाळीस वर्षांत त्या खोलीचा आपल्याला पहिल्यांदा उपयोग होतोय."

ती खोली म्हणजे लाँड्रीच्या वरची. दर मंगळवारी चारच्या सुमारास अकरा माणसं बाजूच्या जिन्याने वर जात. एकदम नाही, पाच-पाच मिनिटांच्या अंतराने, जणू जिना एकालाच पेलत होता. मग दार बंद, खिडक्या बंद. साडेसहाला तसेच एकेक करून उतरत, आणि सगळ्यांचे डोळे लाल असत. रस्त्यात भेटले तर एकमेकांना ओळखही दाखवत नसत. गावात त्यांना बंद खोलीवाले म्हणत. कुणाची बढती झाली की तो त्यांचा माणूस ठरे, आणि अडली की त्यांनी अडवलेली असे. बसथांबा बारा पावलं पुढे सरकला तेव्हाही लोकांनी लाँड्रीच्या खिडकीकडेच पाहिलं.

या संशयाची सगळी देखभाल चष्मेवाल्यांकडे होती. त्यांचं चष्म्यांचं दुकान लाँड्रीच्या बरोबर समोर. अकरा वर्षांचे मंगळवार त्यांनी वहीत टिपून ठेवले होते, तेही विकायला आणलेल्या दुर्बिणीतून बघून. "डोळ्यांचा धंदा आहे माझा, मला दिसतं," असं ते म्हणत. बाबांवर त्यांचा विशेष राग. बाबा त्याच रस्त्यावरच्या आपल्या दुकानात वजनकाटे दुरुस्त करत. गावातला प्रत्येक तराजू कधी ना कधी त्यांच्या हाताखालून गेलेला. ज्याच्या हातात काटा त्याच्या हातात गाव, असा चष्मेवाल्यांचा सिद्धांत होता. ते सफरचंदं घेतली की तीन दुकानांत वजन करून बघत, आणि तिन्हीकडे वजन सारखं भरलं की त्यांचा संशय बळावे.

घरी आत्याने भावाला चाळीस वर्षं विचारलं, वर काय करता. बाबा म्हणत, "काही विशेष नाही." बहुतेक प्रश्नांना त्यांचं हेच उत्तर असे. शेवटी इस्पितळात डॉक्टरांनी काय होतंय म्हणून विचारलं, तेव्हाही त्यांनी हेच सांगितलं होतं. मुलीने कधी विचारलं नाही. न विचारणं हीच त्या दोघांमधली माया होती. आता वाटायचं, एकदा तरी विचारायला हवं होतं.

अंत्यविधीला बंद खोलीवाले दहाच्या दहा आले होते. दहा वेगवेगळ्या झाडांखाली, एकमेकांकडे पाठ करून उभे राहिले आणि निघून गेले. झाडांच्या ओळखीने आल्यासारखे आले, असं आत्या म्हणाली. नंतर घरी कुणीही फिरकलं नाही. मुलीला ते लागलं होतं.

गुरुवारी सकाळी अकराला समितीची बैठक भरली. अध्यक्षस्थानी मुख्याध्यापिका बाई, आता निवृत्त, पण अजूनही खडू हातात असल्यासारख्या बोलणाऱ्या. एका बाजूला दातांचे डॉक्टर आणि ड्रायव्हिंग शिकवणारे सर, हे दोघे बंद खोलीतले. दुसऱ्या बाजूला चष्मेवाले आणि रोपवाटिका चालवणाऱ्या काकू. काकूंचं मत नेहमी शेवटी बोलणाऱ्याच्या बाजूने पडे. मुलगी आणि आत्या मागच्या खुर्च्यांवर बसल्या.

बाईंनी अर्ज वाचला. सगळ्यांनी चष्मेवाल्यांकडे पाहिलं, कारण ते दोन पानांचं भाषण लिहून आले होते आणि वरच्या पानावरचं 'तीव्र विरोध' मागच्या रांगेतूनही वाचता येत होतं. पण त्यांच्या आधी दातांचे डॉक्टर उठले. म्हणाले, मृत व्यक्ती अगदी सामान्य होती. तिच्या हातून काही थोर घडल्याचं ऐकिवात नाही. अशांना बाकं वाटत बसलो तर लोकांनी बसायचं कुठे?

ते बसले तसे ड्रायव्हिंगचे सर उठले. त्यांचा मुद्दा तांत्रिक होता. मृत व्यक्ती चाळीस वर्षं त्या बाकाच्या एकाच टोकाला बसली, त्यामुळे बाक त्या अंगाला कललं. ही सार्वजनिक मालमत्तेची हेळसांड आहे. तिला बक्षीस कसलं देता?

चष्मेवाल्यांचं तोंड उघडंच राहिलं. त्यांनी हातातली पानं पालथी घातली, पुन्हा सुलटी केली, पुन्हा पालथी घातली. बंद खोलीवाल्यांच्याच बाजूने बोलायची पाळी अकरा वर्षांत त्यांच्यावर आली नव्हती. यात डाव आहे, मला आठवडा हवा, असं ते म्हणाले. शेवटी तेच बोलल्यामुळे काकूंनी मान डोलावली, आणि निर्णय पुढच्या गुरुवारवर गेला.

जिना उतरताना आत्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. चाळीस वर्षं मंगळवारचा चहा थंड झाला माझ्या भावाचा, तो या माणसांसाठी का, असा तिचा एकंदर सवाल होता. सोमवारी मुलीने दाढ दुखते म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे नंबर लावला.

नंबर पहिला होता. तरी बारा माणसं तिच्या आधी आत गेली. अखेर बोलावलं तेव्हा डॉक्टरांनी मदतनीस बाईंना बाहेर पाठवलं, दार लावलं, तिला खुर्चीत बसवलं आणि मोठ्ठं आ करायला सांगितलं. मग दात कोरायचं यंत्र हवेतच सुरू केलं, म्हणजे बाहेर काही ऐकू जायला नको.

"आता ऐक," ते म्हणाले. दाराबाहेर त्यांनी तिला तुम्ही म्हटलं होतं. "मिटू नकोस. कुणी डोकावलं तर दिसायला हवं."

अशा रीतीने बाबांबद्दल पहिल्यांदाच कुणीतरी तिच्याशी बोललं, तेव्हा तिच्या तोंडात आरसा आणि कापसाचे दोन बोळे होते.

डॉक्टरांनी जे सांगितलं ते असं. मंडळ सुरू झालं तेव्हाच लोक म्हणू लागले की हे एकमेकांना वर ओढतात. संस्थापक मानी माणसं होती. त्यांनी पहिलाच नियम केला, की सभासदाने सभासदाचा कसलाही फायदा करायचा नाही, आणि फायदा होतोय की काय अशी शंका आली तर खुशाल नुकसान करायचं. तेव्हापासून नियम अक्षरशः पाळला जात होता. बाबा दात दाखवायला येत तेव्हा सगळ्यांत शेवटी आत घेतले जात. एकदा गाल सुजलेला असताना तीन तास बसले होते. उलट डॉक्टरांच्या घरचा वजनकाटा बाबांनी असा लावून दिला की तो दोन किलो जास्तच दाखवी. सहा वर्षं डॉक्टरांनी गोड खाल्लं नव्हतं.

"आणि तुला सरांनी तीनदा नापास केलं ना गाडीच्या परीक्षेत?"

मुलीचे डोळे विस्फारले. तिसऱ्या खेपेला तिने एकही चूक केली नव्हती. गरजेपेक्षा जास्त बरोबर चालवली, असा शेरा मिळाला होता.

"त्या मंगळवारी सर फार रडले."

बोळ्यांच्या आडून तिने काहीतरी विचारलं. डॉक्टरांना ते कळलं. तीस वर्षं ते असंच ऐकत आले होते.

"मंगळवारी आम्ही एकमेकांची माफी मागतो. आठवडाभर जे जे वागलो त्याची. अकरा जण, प्रत्येकाने दहा जणांची मागायची. अडीच तास पुरत नाहीत गं."

म्हणून बाकाला मत देता येत नव्हतं. माणूस गेला तरी सभासद राहतो, असं पोटकलम होतं. पण एक वाट होती. बाबांना मंडळातून काढून टाकायचं. मग ते कुणीच लागणार नाहीत, आणि दोन मतं सरळ बाजूने पडतील. अध्यक्ष बाईंचं धरून तीन. त्यासाठी गुन्हा सिद्ध व्हायला हवा आणि घरच्या माणसाची सही हवी. उद्या चारला ये, असं म्हणून त्यांनी यंत्र बंद केलं आणि दाराकडे बघून मोठ्याने सांगितलं, "दाढेला काही झालेलं नाही. उगाच वेळ घेऊ नका लोकांचा."

मंगळवारी आत्या बरोबर येणारच होती, तिला अडवणं कुणाच्या बापाला जमलं नसतं. समोरच्या दुकानात काहीतरी पडून फुटल्याचा आवाज आला, तो बहुधा दुर्बिणीचा होता. दोघी बाजूच्या जिन्याने वर गेल्या.

खोली अगदी साधी. खालच्या इस्त्र्यांमुळे जमीन कोमट लागत होती. अकरा वेताच्या खुर्च्या गोल मांडलेल्या, त्यातली एक रिकामी. ती कुणी बाजूला केली नव्हती आणि तिच्याकडे कुणी बघतही नव्हतं. आत्याने आल्या आल्या भिंतीतलं कपाट उघडलं. आत इस्त्री केलेल्या रुमालांच्या चळती होत्या.

"एवढंच?" ती म्हणाली. चाळीस वर्षांचा संशय एका शब्दात उतरला.

कामकाज सुरू झालं. चिटणीस होते निवृत्त पोस्टमन. त्यांनी मृत सभासदाचा गुन्हा सांगावा असं आवाहन केलं. बराच वेळ कुणी बोलेना, म्हणून आत्याने सुरुवात केली. ओला टॉवेल खुर्चीवर टाकायचा. पेपर आधी स्वतः वाचायचा आणि घड्या चुकवायचा. घोरायचा, आणि घोरत नाही म्हणायचा. पोस्टमननी नम्रपणे सांगितलं की हे गुन्हे गंभीर आहेत, पण नियमात बसत नाहीत. नियमाने गुन्हा एकच, सभासदाचं भलं करणं.

दहाही जण आपापल्या चपलांकडे बघत होते. अखेर लाँड्रीवाल्यांनी घसा साफ केला. त्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, तेव्हा तीन आठवडे संध्याकाळी साडेसातनंतर बाबांनी मागच्या खोलीत बसून इस्त्री केली होती. गिऱ्हाइकांना वाटलं नवा माणूस ठेवलाय, आणि जुन्यापेक्षा बरा आहे.

"हे तुम्ही कधी बोलला नाहीत," डॉक्टर म्हणाले.

"कसं बोलणार? नियम होता."

मग डॉक्टरांनी स्वतःच कपाटातून एक रुमाल घेतला. म्हणाले, बायको गेली त्या वर्षी रोज सकाळी सातला फोन वाजायचा. पलीकडून बाबा विचारायचे, लाकडाची वखार का? मी म्हणायचो, नाही. ते म्हणायचे, बरं, राँग नंबर, पण तुमचं बरं आहे ना? वर्षभर. एक दिवस चुकला नाही.

ड्रायव्हिंगच्या सरांना सांगायला सगळ्यांत जड गेलं. एका अपघातानंतर त्यांचे हातपाय कापायचे, चाकाला हात लावणं होईना, आणि धंदा तर शिकवायचा. दोन महिने पहाटे मोकळ्या मैदानात बाबा त्यांच्या शेजारी बसून असत.

मुलगी म्हणाली, "बाबांना गाडी येत नव्हती."

"माहीत आहे. नुसते बसायचे. म्हणायचे, मला काही कळत नाही, तेव्हा तुम्ही चुकलात तरी मला समजणार नाही."

त्यानंतर बांध फुटला. कुणाच्या मुलाचा अभ्यास, कुणाच्या आईचं औषधपाणी, कुणाचं वर्षानुवर्षं न मिटणारं भांडण मिटवलेलं. दहापैकी दहा. प्रत्येकाला वाटत होतं की नियम फक्त आपल्यापुरता मोडलाय, आणि प्रत्येकाने ते बाकीच्यांपासून जिवापाड लपवलं होतं. गावापासून लपवायला जमलेल्या माणसांनी सगळ्यांत जास्त लपवलं होतं ते एकमेकांपासून. रुमालांची अर्धी चळत संपली. मुलीलाही एक मिळाला. तिने तो घडी न मोडता हातात धरून ठेवला.

पोस्टमननी नाक पुसून नियमांचं पुस्तक उघडलं आणि पुढचं कलम वाचलं. भलं करून घेणारा भलं करणाऱ्याइतकाच दोषी. म्हणजे बाबांबरोबर दहाही जणांना काढून टाकणं आलं. ठराव मांडायला उठले ते दोषी, अनुमोदन देणारे दोषी, आणि लिहून घेणारे पोस्टमनसुद्धा दोषी. पाऊण तास हा गुंता चालला. शेवटी आत्याने विचारलं, या घडीला या खोलीत सभासद आहे तरी कोण? मोजून पाहिलं. कुणीच नव्हतं.

"म्हणजे सगळेच बाहेरचे," आत्या म्हणाली. "मग चहा तरी टाका. बाहेरच्यांना विचारायची रीत असते."

चहा झाला. बाकीच्यांचं काय ते मागाहून ठरवू, पण बाकासाठी बाबांचा कागद आजच हवा, असं सर्वानुमते ठरलं. कागद मुलीच्या हातात दिला. तिने तो सवयीने मुद्रित तपासावं तसा वाचला. वरील व्यक्ती या मंडळाशी एकनिष्ठ राहिली नाही. शुद्धलेखन बरोबर होतं. मजकूरही, पाहू गेलं तर, खरा होता. खाली सही केली की बाक तिचं होतं. पण मग चाळीस वर्षांचे मंगळवार गेले असते, आणि उरली असती ती एक पाटी.

तिने कागद दुमडून पोस्टमनच्या हातात परत ठेवला.

"काढू नका त्यांना," ती म्हणाली. "गुरुवारी विरोध करा. जमेल तितका जोरात करा."

त्यांना कळेना. मग तिने सांगितलं, की गेल्या बैठकीत ती डॉक्टरांकडे बघत नव्हती, चष्मेवाल्यांकडे बघत होती. त्यांनी पानं दोनदा पालथी घातली. बंद खोलीवाले ज्याला नको म्हणतात ते चष्मेवाल्यांना हवंच असणार, त्यांना नुसतं तिथवर ढकलायला हवं. दोघं जितकं वाईट बोलतील तितकं बरं.

डॉक्टर म्हणाले, फार अवघड आहे, जेमतेम महिना झालाय. एकदा बोललो ते कसंबसं बोललो.

"सरांनी मला तीनदा नापास केलं," मुलगी म्हणाली. "घरच्या माणसासाठी तुम्ही एवढं करू शकता."

गुरुवारी सभागृह गच्च भरलं होतं. डॉक्टर उठले. या माणसाइतका हटवादी माणूस मी पाहिला नाही, असं म्हणून त्यांनी सुरुवात केली. विचारलेलं कधी सांगितलं नाही. आपल्याला काही होतंय हेसुद्धा नाही. कुणाला निरोप घेऊ दिला नाही. अशा माणसाचा जिवंतपणी त्रास होत नाही, नंतर होतो. सकाळी सातला माणूस उगाच फोनपाशी जाऊन उभा राहतो. इथे त्यांनी पाणी मागितलं, प्यायले, आणि घाईघाईने म्हणाले, "म्हणून माझा सक्त विरोध."

सर फक्त "माझाही" म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

चष्मेवाले ताडकन उठले. दोन पानं त्यांनी सगळ्यांसमोर फाडली. हा द्वेष बघा, ते म्हणाले, मेलेल्या माणसावरचा. मला आता उलगडा झाला. हा माणूस त्यांचा नव्हताच. चाळीस वर्षं तो त्यांचा कैदी होता. मंगळवारी लाल डोळ्यांनी बाहेर पडायचा, ते का? एरवी रोज सहाला आपल्या दुकानासमोर उभा राहून हात वर करून मला खूण करायचा आणि मी करंटा, मला ती कळली नाही.

बाबा सहाला हात वर करत, हे खरं होतं. दुकानाचं शटर ओढायला.

आत्याला ठसका लागला. मुलगी खाली बघत होती. चष्मेवाले पंधरा मिनिटं बोलले आणि शेवटी स्वतःच डोळे पुसू लागले. काकूंनी डोळ्याला पदर लावला आणि हात वर केला. बाईंनीही केला. तीन विरुद्ध दोन. दारातून बाहेर पडताना डॉक्टर मुलीच्या अंगावरून, ओळख न दाखवता, निघून गेले. तिनेही दाखवली नाही. आता ते तिला जमू लागलं होतं.

पाटी पुढच्या आठवड्यात लागली. पहिल्या दिवशी सहाला ती बागेत गेली, तर बाकावर चष्मेवाले आधीच बसलेले. ते लोक पाटी उखडून नेतील, म्हणून ते पहाऱ्याला आले होते. त्यांनी सरकून तिला जागा दिली आणि बोलायला सुरुवात केली. तिचे बाबा किती धीराचे होते. काट्याच्या पारड्यात वजनं ठेवताना त्यांच्या टकटकीत सांकेतिक संदेश असत. एकदा फळवाल्याकडे सफरचंदं तोलली जात असताना त्यांनी चष्मेवाल्यांकडे बघून डोळा मिचकावला होता, तो काही साधासुधा नव्हता.

ती गप्प बसायला आली होती. उठून जावं असं तिच्या मनात आलं. दिवसभर ती लोकांची वाक्यं दुरुस्त करायची, आणि यातलं तर एकही वाक्य जागेवर ठेवण्यासारखं नव्हतं. पण घरी आत्या आताशा भावाचा विषय निघाला की स्वयंपाकघरात निघून जाई. दहा जणांना रस्त्यात तिच्याशी बोलायची मुभा नव्हती. अख्ख्या गावात बाबांबद्दल तोंड भरून बोलणारा माणूस हा एकच होता.

दुसऱ्या दिवशी ती गेली तेव्हाही ते होते. डोळा मिचकावण्याचा प्रसंग सांगून झाला आहे का, असं त्यांनी विचारलं.

"नाही," मुलगी म्हणाली आणि पिशवी मांडीवर घेऊन नीट बसली. "सांगा ना."